अनियमित नाडी आणि उतारवयातील विसर : धास्ती किती, काळजी कोणती?



या पानावर आपण नेहमी बेणे, लागवड, खते, पाणी आणि खोडवा यांविषयी वाचता. यावेळी विषय थोडा वेगळा घेतला आहे. ऊस नोंदीच्या निमित्ताने गावोगाव फिरताना आम्हा शेतकी खात्याच्या मंडळींना एक प्रश्न वरचेवर ऐकावा लागतो. घरातील वडीलधाऱ्या माणसाचा ई.सी.जी. काढलेला असतो, डॉक्टरांनी कागदावर 'ए.एफ.' अशी दोन अक्षरे लिहिलेली असतात, रक्त पातळ करण्याची गोळी चालू झालेली असते. आणि मग कोणीतरी सांगतो की या दुखण्यात पुढे डोकेही जाते. "साहेब, ठोका चुकतोय ते समजलं. पण म्हातारा आता येडा होणार का?" असे मुलगा बाजूला घेऊन विचारतो. कधी कधी खुद्द वडीलच विचारतात, आणि ते ऐकताना बरे वाटत नाही.

प्रश्न खरा आहे. तो हसण्यावारी नेऊ नये, तसाच नुसत्या ऐकीव गोष्टींवर सोडून देऊ नये. आम्ही शेतीची पदविका घेतलेली माणसे, डॉक्टर नव्हे. तेव्हा कोणी कोणती गोळी घ्यावी हे आम्ही सांगणार नाही, ते काम आपल्या डॉक्टरांचे. पण हा रोग काय आहे, त्याचा स्मृतीशी संबंध किती आहे आणि आपल्या हातात काय आहे, एवढे समजून घेतले तर निम्मी धास्ती कमी होते आणि उरलेली धास्ती उपयोगी पडते.

१. ठोका चुकतो म्हणजे काय होते?

हृदयाला चार कप्पे असतात. वरचे दोन, त्यांना अलिंद म्हणतात. खालचे दोन, ते निलय. वरचे कप्पे रक्त गोळा करून खाली ढकलतात, खालचे ते फुप्फुसांकडे व सर्व शरीरात पाठवितात. वरच्या उजव्या कप्प्यात निसर्गाने एक छोटे केंद्र ठेवले आहे. त्याच्या इशाऱ्यावर सर्व काम तालात चालते. विश्रांतीत असताना निरोगी माणसाची नाडी मिनिटाला साधारण ६० ते १०० पडते आणि दोन ठोक्यांमधले अंतर जवळजवळ सारखे असते.

ए.एफ., म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, या विकारात वरच्या कप्प्यांत एका इशाऱ्याऐवजी शेकडो इशारे एकदम उठतात. मिनिटाला ३५० ते ६०० या वेगाने ते कप्पे नुसते थरथरतात, धड आकुंचन पावत नाहीत. त्यातले काही इशारे तेवढे खाली पोहोचतात, तेही कसेही. त्यामुळे नाडी कधी घाईने, कधी थांबून, कसलाच मेळ नसल्यासारखी चालते.

आपल्या कारखान्याचेच उदाहरण घ्या. गव्हाणीत ऊस एकसारखा पडत राहिला तर मिल पूर्ण क्षमतेने चालते. कधी ढीग, कधी मोकळी गव्हाण असे झाले तर मिल तीच, रोलर तेच, पण गाळप कमी पडते. हृदयाचेही तसेच आहे. वरच्या कप्प्यांच्या नीट आकुंचनामुळे खालच्या कप्प्यांत जे रक्त भरते त्याचा हिस्सा साधारण २० ते ३० टक्के असतो. तो हिस्सा गेला की माणसाला धाप लागते, छातीत धडधडते, बांधावरून चार पावले चालल्यावर बसावेसे वाटते. काहींना मात्र काहीच जाणवत नाही आणि रोग दुसऱ्याच कारणाने काढलेल्या ई.सी.जी.त सापडतो. काहींच्या बाबतीत तो येतो-जातो, काहींच्या बाबतीत कायमचा मुक्काम करतो.

वाढते वय, उच्च रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, दारू, थायरॉइडचा अतिरेक, झोपेत घोरताना श्वास अडकणे आणि हृदयाच्या झडपांचे विकार ही याची मुख्य कारणे होत. आपल्या देशात आणखी एक कारण आहे. लहानपणी घसा वारंवार सुजून पुढे सांधे धरणारा ताप येतो, त्यात हृदयाची झडप खराब होते आणि तिशी-चाळिशीतच नाडी बिघडते. म्हणजे हा केवळ म्हाताऱ्यांचा रोग आहे असे समजू नये. तरुण सुनेला किंवा मुलीला कामात धाप लागत असेल तर 'अशक्तपणा' म्हणून नुसते टॉनिक आणू नये, छाती तपासून घ्यावी.

२. साचलेले रक्त आणि गुठळी

पाटाचे पाणी वाहते आहे तोवर स्वच्छ असते. वळणावर, कोपऱ्यात, जिथे पाण्याला ओढ नाही तिथे गाळ बसतो. हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखी एक छोटी पिशवी असते. कप्पा नुसता थरथरू लागला की या पिशवीत रक्त रेंगाळते आणि रेंगाळलेल्या रक्ताची गुठळी होते. झडपांचा विकार नसलेल्या रुग्णांत बहुतेक गुठळ्या याच पिशवीत होतात असे आढळले आहे.

गुठळी सुटली आणि मेंदूच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकली, की अर्धांगवायू. ज्याला आपण लकवा म्हणतो तो हाच. ए.एफ. असलेल्या माणसाला हा धोका इतरांच्या मानाने सुमारे पाचपट असतो. सर्वांना तो सारखा नसतो. वय, रक्तदाब, मधुमेह, हृदयाची कमजोरी, पूर्वी येऊन गेलेला झटका असे सगळे मोजून डॉक्टर ठरवितात की गुठळीरोधक गोळी हवी की नको. ज्यांना ती हवी, त्यांनी ती नेमाने घेतली तर लकव्याचा धोका सुमारे दोन-तृतीयांशाने कमी होतो. ॲस्पिरिनची गोळी हे तिचे काम करू शकत नाही. "तीबी रक्त पातळच करतीय की" म्हणून शेजाऱ्याची स्वस्त गोळी घेणाऱ्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे.

३. यात स्मृतीचा संबंध कुठे येतो?

प्रथम शब्दाविषयी. स्मृतिभ्रंश म्हणजे वेड नव्हे. मेंदूच्या पेशी झिजल्याने किंवा त्यांचा रक्तपुरवठा तुटल्याने स्मृती, हिशेब, बोलणे, दिशा, निर्णय या शक्ती हळूहळू कमी होतात आणि रोजचे व्यवहार स्वतः करता येईनासे होतात, त्या अवस्थेला हे नाव आहे. अल्झायमर हा त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. रक्तवाहिन्यांच्या बिघाडामुळे होणारा दुसरा. पुष्कळ वृद्धांत दोन्ही एकत्र असतात.

अनियमित नाडीचा याच्याशी चार वाटांनी संबंध येतो.

(अ) मोठा लकवा. यात मेंदूचा भाग एकदम निकामी होतो आणि त्यानंतर स्मृतिभ्रंशाची शक्यता बरीच वाढते.

(आ) मुके झटके. बारीक गुठळ्या मेंदूत अडकतात. हात-पाय लुळा पडत नाही, माणसाला काही कळतही नाही, पण डाग राहतो. स्वित्झर्लंडमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, पूर्वी कधीही लकवा न झालेल्या ए.एफ. रुग्णांच्या मेंदूचे फोटो काढले, तेव्हा जवळपास पाचांतल्या एकाच्या मेंदूत असे डाग दिसले.

(इ) कमी-जास्त रक्तपुरवठा. ठोके वेडेवाकडे पडल्याने मेंदूला मिळणारे रक्त एकसारखे राहत नाही. हे कारण कितपत मोठे, याचा अभ्यास अजून चालू आहे.

(ई) समान मुळे. वय, रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, दारू ही दोन्ही रोगांची मुळे आहेत. एकाच बांधावरचे तण दोन्ही शेतांत शिरावे, तसा हा प्रकार.

४. अभ्यास काय सांगतात?

दक्षिण कोरियात साठ वर्षांवरील २,६२,६११ लोकांची अनेक वर्षांची माहिती तपासून २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ए.एफ. झालेल्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका इतरांपेक्षा ५२ टक्के अधिक होता. ज्यांना लकवा झाला ते वगळून पाहिले तरी तो २७ टक्के अधिक राहिला. म्हणजे संबंध आहे, हे खरे.

पण '५२ टक्के' वाचून शंभरांतले बावन्न जण विसरभोळे होणार असा अर्थ कोणी करू नये. समजा एखाद्या वयोगटात शंभरांतल्या दहा जणांना हा रोग होणार होता. तर धोका दीडपट झाला म्हणजे तो पंधरा जणांना होईल. उरलेले पंच्याऐंशी नाडी अनियमित असूनही आपला व्यवहार आपण पाहतील. तेव्हा "ठोका चुकला, आता डोके जाणारच" हे म्हणणे चूक आहे. धोका वाढतो, नशीब ठरत नाही.

गुठळीरोधक गोळीने हा धोका कमी होतो का? स्वीडनमध्ये ए.एफ.च्या ४,४४,१०६ रुग्णांची नोंद पाहून २०१८ साली असे सांगण्यात आले की सुरुवातीपासून अशी गोळी घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका २९ टक्के कमी आढळला. ही बातमी चांगली आहे, परंतु शेतकऱ्याच्या नजरेने तिच्याकडे पाहावे. ठिबकवाल्याचा उतारा पाटपाणीवाल्यापेक्षा जास्त आला, तर सगळे श्रेय ठिबकलाच द्यायचे का? ठिबक घेणाऱ्याची जमीन बरी असते, बेणे बरे असते, लक्षही जास्त असते. खरे काय ते कळायला एकाच रानात शेजारी शेजारी चाचणी प्लॉट घ्यावे लागतात. औषधांचेही तसेच. नियमाने गोळी घेणारा रुग्ण मुळातच इतर बाबतींतही काळजी घेणारा असू शकतो.

असा चाचणी प्लॉट कॅनडात घेतला गेला. लकव्याचा धोका कमी असलेल्या, सरासरी ५३ वर्षे वयाच्या ए.एफ. रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला गुठळीरोधक गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी दिली. २०२४ साली निकाल जाहीर झाला, तो असा की बुद्धी-स्मृतीच्या घसरणीत गोळीने फरक पडला नाही. यावरून दोन गोष्टी घ्याव्यात. एक, ज्यांना डॉक्टरांनी लकवा टाळण्यासाठी गोळी दिली आहे त्यांनी ती चालूच ठेवावी. लकवा टळला की त्यातून होणारी मेंदूची हानीही टळते. दोन, ज्यांना गोळीची गरज नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे त्यांनी केवळ स्मृती राहावी म्हणून ती मागू नये. रक्तस्रावाचा धोका फुकट अंगावर येतो.

रक्तदाबाच्या बाबतीत मात्र चाचणी प्लॉटचाच चांगला निकाल हाती आहे. चीनच्या ग्रामीण भागात ३२६ गावांतील सुमारे ३४,००० रक्तदाबाच्या रुग्णांवर प्रयोग झाला. निम्म्या गावांत गावपातळीवरच्या वैद्यांनी घरोघर पाठपुरावा करून रक्तदाब नीट खाली आणला, निम्म्या गावांत नेहमीप्रमाणे उपचार चालू ठेवले. चार वर्षांनी पहिल्या गावांत स्मृतिभ्रंश १५ टक्क्यांनी कमी आढळला. हा निकाल २०२५ साली प्रसिद्ध झाला. मोठे शहर नाही, मोठे इस्पितळ नाही. गावातला माणूस, रक्तदाबाचे यंत्र, रोजची गोळी आणि पाठपुरावा एवढ्यावर हे काम झाले. आपल्यासारख्या गावांना यापेक्षा जवळचे उदाहरण मिळणार नाही.

५. "उंदराचे औषध माणसाला?"

वॉरफेरिन या जुन्या गुठळीरोधक गोळीविषयी गावात एक कुजबूज असते, की हे तर उंदीर मारायचे औषध. त्या भीतीने काही जण गोळी गुपचूप बंद करतात. यात तथ्य किती ते सांगतो, कारण ही गोष्ट शेतकऱ्यांचीच आहे.

१९२० नंतरच्या काळात अमेरिकेच्या उत्तर भागात व कॅनडात गुरे रक्तस्रावाने मरू लागली. शिंग कापावे तर रक्त थांबेना. कारण शोधता आढळले, की स्वीट क्लोव्हर नावाचे चाऱ्याचे पीक ओले राहून बुरशी आले आणि तेच गुरांना खाऊ घातले. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी बर्फाच्या वादळातून मेलेली गाय आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त घेऊन विद्यापीठात गेला. तेथील कार्ल लिंक या शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह काही वर्षे खपून त्या चाऱ्यातला रक्त गोठू न देणारा पदार्थ वेगळा काढला. त्याच जातीचे वॉरफेरिन १९४८ साली उंदरांसाठी बाजारात आले आणि १९५४ साली माणसांसाठी मान्य झाले. आपल्याकडे उसातल्या उंदरांसाठी जे ब्रोमॅडिओलोन वापरतात तेही याच कुळातले.

तेव्हा नाते खरे आहे. फरक मात्रेचा आणि देखरेखीचा आहे. तणनाशकही प्रमाणात मारले तर पीक वाचते, प्रमाण चुकले तर पीक जळते. म्हणून तर या गोळीबरोबर वेळोवेळी रक्त तपासतात. त्याचा आकडा, म्हणजे आय.एन.आर., ए.एफ.मध्ये सहसा २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. २ च्या खाली गेला तर गुठळीचा धोका, ३ च्या फार वर गेला तर रक्तस्रावाचा. अलीकडे अपिक्साबान, रिव्हारोक्साबान, डॅबिगाट्रान अशा नव्या गोळ्या आल्या आहेत. त्यांना हा आकडा पाहावा लागत नाही, मात्र मूत्रपिंडाची तपासणी अधूनमधून लागते. परंतु सांधेतापाने झडप अरुंद झालेल्यांना व कृत्रिम धातूची झडप बसविलेल्यांना जुनीच गोळी योग्य ठरते. तेव्हा शेजाऱ्याची नवी गोळी पाहून आपली बदलू नये.

६. गोळी घेणाऱ्यांनी पाळावयाचे नियम

१. गोळीत खंड पाडू नये. नव्या गोळ्यांचा परिणाम दिवसभरात ओसरतो. दोन दिवस चुकले तर संरक्षण राहिले नाही असे समजावे. तोडणी आली, लग्न आले, वारीला निघालो, तरी गोळ्यांची पट्टी खिशात हवी. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी आणाव्यात.

२. रिव्हारोक्साबान जेवणाबरोबर घ्यावी, रिकाम्या पोटी ती पुरती लागू पडत नाही. अपिक्साबान दिवसातून दोन वेळा असते. 'एकच घेतली तर काय बिघडते' असे करू नये.

३. वॉरफेरिन किंवा ॲसेनोकौमेरॉल घेणाऱ्यांनी मेथी, पालक, शेपू सोडू नये. पण प्रमाण एकसारखे ठेवावे. महिनाभर भाजी नाही आणि एका आठवड्यात रोज भाजी, असे केले की आय.एन.आर. हलतो.

४. अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफेनॅक, ब्रुफेनसारखी गोळी परस्पर आणू नये. पोटात रक्तस्राव होऊ शकतो. झाडपाल्याचे औषधही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

५. कोयता, विळा लागला तर स्वच्छ फडके घेऊन दहा मिनिटे न उचलता घट्ट दाबून धरावे. रक्त थांबत नसेल तर दवाखाना गाठावा.

६. डोक्याला मार लागला तर, मग तो ट्रॉलीवरून पडून लागो की न्हाणीघरात घसरून, बरे वाटत असले तरी त्याच दिवशी दवाखान्यात दाखवावे. आत हळूहळू रक्त साचू शकते.

७. काळी शौच, लघवीत रक्त, हिरड्यांतून न थांबणारे रक्त दिसल्यास ताबडतोब डॉक्टरांना कळवावे.

८. दात काढण्यापूर्वी किंवा शस्त्रक्रियेपूर्वी गोळी चालू असल्याचे सांगावे. गोळी थांबवायची की नाही हे डॉक्टर ठरवितील, आपण नव्हे.

७. प्रत्येक विसर म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे

चष्मा कुठे ठेवला हे सर्वांनाच आठवत नाही. पाण्याच्या पाळीची तारीख विसरली आणि नंतर आठवली, ओळखीच्या माणसाचे नाव जिभेवर आले नाही, हे वयाचे आहे. पण वीस वर्षे ज्या वाटेने गेलो ती स्वतःच्या रानाची वाट चुकणे, ऊस बिलातील कपातीचा हिशेब जो माणूस तोंडी करायचा त्याला तो कागद समोर ठेवूनही न जमणे, एकच गोष्ट तासात चारदा विचारणे, मोटार चालू करून विसरून जाणे, एकाएकी संशयी वा अबोल होणे, ही लक्षणे असतील तर तपासणी करावी. "साठी बुद्धी नाठी" म्हणून सोडून देऊ नये.

कारण विसरण्याची काही कारणे उपचाराने सुधारतात. बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव (शाकाहारी मंडळींत ही बरीच आढळते), थायरॉइड कमी पडणे, मनाची उदासी, झोपेच्या गोळ्या, कमी ऐकू येणे, आणि पूर्वी डोक्याला लागून साचलेले रक्त. थायरॉइडची रक्ततपासणी तर नाडी आणि विसर या दोन्हींसाठी उपयोगी आहे. पुष्कळदा आजोबा विसरत नसतात, त्यांना ऐकूच आलेले नसते. कर्णयंत्र लावले की घरातले निम्मे वाद मिटतात.

८. आपल्या हातात काय आहे?

नाडी पाहण्यास शिका. पाच मिनिटे स्वस्थ बसावे. मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूस तीन बोटे हलकी टेकवावीत आणि घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजावे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये, कारण आपल्याला आकड्याबरोबर ताल पाहायचा आहे. इंजिन एकसुरात चालते की मिसिंग मारते हे ज्याला कानाने कळते, त्याला नाडीचा ताल बोटाने कळायला वेळ लागत नाही. ताल बिघडलेला वाटला तर ई.सी.जी. काढावा. निदान ई.सी.जी.वरच होते, बोटांवर नव्हे. साठी ओलांडलेल्या प्रत्येकाने महिन्यातून एकदा हे करावे.

रक्तदाब व साखर मोजून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही सोय असते. आकडा वहीत तारखेसह लिहावा. ज्या वहीत खताच्या पोत्यांचा हिशेब आहे त्याच वहीत लिहिला तरी चालेल, पण लिहावा. रक्तदाबाची गोळी "आता बरं वाटतंय" म्हणून बंद करू नये.

दारू व तंबाखू सोडा. ऑस्ट्रेलियात २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नियमित दारू पिणाऱ्या ए.एफ. रुग्णांपैकी ज्यांना दारू सोडायला लावली त्यांच्यात रोग पुन्हा उसळण्याचे प्रमाण ५३ टक्के, तर चालू ठेवणाऱ्यांत ७३ टक्के होते. थोडी घेतली तर हृदयाला बरी, हा समज ए.एफ.वाल्यांनी मनातून काढून टाकावा.

वजन आवरा, चालते राहा, माणसांत राहा. मोटारसायकल आल्यापासून रानात जाणेही बसूनच होते. रोज अर्धा तास पायी चालावे. धाप लागत असेल तर किती चालावे हे डॉक्टरांना विचारावे. पारावर बसावे, पेपर वाचावा, नातवंडांचा अभ्यास घ्यावा. स्मृतिभ्रंशावरील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने २०२४ साली सांगितले, की रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, दारू, बहिरेपणा, दृष्टिदोष, एकटेपणा, बैठेपणा अशी चौदा कारणे आयुष्यभर सांभाळली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा पुढे ढकलता येईल. यातील पुष्कळ कारणे अशी आहेत, की जी सांभाळली तर नाडीलाही फायदा होतो.

लकव्याची खूण ओळखा. तोंड वाकडे होणे, एक हात उचलता न येणे, बोबडी वळणे, यांपैकी एक जरी दिसले तरी वेळ पाहून ठेवा आणि १०८ वर फोन करा. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही तपासणीनंतर. तेल लावणे, उतारा करणे, सकाळपर्यंत वाट पाहणे यात हा वेळ घालवू नये. रुग्णाच्या चालू गोळ्यांची पट्टी बरोबर न्यावी. कोणती गोळी, शेवटची कधी घेतली, हे डॉक्टरांना सांगणे फार महत्त्वाचे आहे.

९. घरच्या मंडळींसाठी

विसर पडू लागलेल्या माणसाच्या हाती गोळ्या सोपवू नयेत. त्याने दोनदा घेतली तर रक्तस्राव, घेतलीच नाही तर गुठळी. सकाळ-संध्याकाळच्या कप्प्यांची डबी आणावी आणि घरातील एकाच व्यक्तीने ती जबाबदारी घ्यावी. सगळ्यांची जबाबदारी ती कोणाचीच नसते, हे भाऊबंदकीच्या विहिरीवर आपण पाहतोच.

माणसाला चारचौघांत "आता सांगितलं होतं ना?" म्हणून खजील करू नये. बैल, पाणी, बेणे याविषयी जे त्यांना अजून येते ते विचारावे. करू शकतात ते काम करू द्यावे. आणि जी सून किंवा आजी दिवसभर सांभाळते, तिलाही आठवड्यातून एक दिवस मोकळा द्यावा.

एक व्यवहाराची गोष्ट. भाग दाखल्यावरील नामनिर्देशन, बँक खात्याचे वारस नाव, सातबाऱ्यावरील दुरुस्त्या, मृत्युपत्र ही कामे माणूस पूर्ण शुद्धीत, समजून-उमजून सही करू शकतो तेव्हाच करून ठेवावीत. यात अपशकुन काही नाही. उशीर झाला की अडचण येते ती त्या माणसाची आणि त्यानंतर भांडणे होतात ती मुलांची. नामनिर्देशनाचा अर्ज गट ऑफिसमध्ये विचारावा.

थोडक्यात, नाडी अनियमित झाली म्हणून स्मृती जाणारच असे नाही. लकव्याचा धोका मात्र मोठा आहे आणि तो बराच टाळता येतो. तेव्हा भिण्याची शक्ती गोळी वेळेवर घेण्यात, रक्तदाब आटोक्यात ठेवण्यात आणि व्यसन सोडण्यात खर्च करावी. मुलांनी वडिलांना बाजूला ठेवून आमच्याशी कुजबुजण्याऐवजी त्यांनाच बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि जो प्रश्न आम्हाला विचारता तो तेथे सर्वांदेखत विचारावा, अशी सर्व सभासदांना विनंती आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी